अर्धा विणलेला अंतरपाट आणि जुनं युनिक्स

हे मी मराठीत लिहिते आहे. तुमचा बाबा म्हणाला होता, आई, इंग्रजीत लिही, मुलं स्वतः वाचतील. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीही इंग्रजीतच झाली, तेव्हा लिहिता आलं असतं. पण लिहिणार नाही. वाचताना अडलं तर बाबाला विचारा. त्या निमित्ताने त्याचंही मराठी जरा हलेल.

गेल्या मे महिन्यात, सांता क्लाराला, तुमच्या आत्याच्या लग्नात तुम्ही दोघांनी एक पांढरं कापड धरलं होतं. थोरलीने एक टोक, धाकट्याने दुसरं. मंगलाष्टकं लांबली तसा धाकट्याचा हात खाली यायला लागला आणि मी मागून त्याच्या कोपराला आधार दिला. त्या कापडाला अंतरपाट म्हणतात. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरानवरीने एकमेकांचं तोंड बघायचं नसतं, म्हणून तो मध्ये धरायचा. ते कापड आलं कुठून, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हाला घरी, प्लेनोला जायचं विमान पकडायचं होतं. म्हणून आता सांगते.

माझ्या ईडन प्रेरीच्या घराचं तळघर तुम्ही पाहिलं आहे. एका भिंतीला आजोबांनी केलेल्या फळ्या आहेत आणि मधोमध पलंगाएवढा लाकडी माग. मी त्याला हात लावू देत नाही म्हणून तुम्ही त्याला आजीचा पियानो म्हणता. निवृत्त झाल्यावर मी मिनियापोलिसला विणकामाच्या वर्गाला जायला लागले. तिथे शिकवणाऱ्या बाईंची बोटं पुढे दुखायला लागली, तेव्हा त्यांनी आपला माग मला विकला आणि तो इथे आणून लावूनही दिला.

मागावर आधी उभे धागे ताणून घेतात, त्याला ताणा म्हणतात. हे धागे चोवीस चौकटींतून ओवलेले असतात. दर ओळीला काही चौकटी वर उचलायच्या, बाकीच्या खाली ठेवायच्या आणि मधल्या फटीतून आडव्या धाग्याचा धोटा सरकवायचा. कुठल्या ओळीला कुठल्या चौकटी उचलायच्या त्यावर नक्षी ठरते. माझ्या मागावर हे संगणक सांगतो. मी पेडल दाबलं की मागाच्या बाजूला बसवलेला डबा संगणकाला विचारतो, पुढची ओळ कोणती? संगणक उत्तर देतो, चौकटी उचलल्या जातात. ही प्रश्नोत्तरं सांभाळणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला आहे आणि तो एका जुन्या युनिक्सवर चालतो.

युनिक्स ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम. तुमच्या टॅबलेटलाही एक असते, तिच्याशिवाय तो नुसता काचेचा तुकडा. मी नोकरी करत होते तिथे कंपनीच्या सगळ्या गोदामांचा हिशेब एका साध्या पीसीवर चालायचा आणि त्या पीसीवर हे युनिक्स असायचं. ते सांभाळणं हे माझं काम. ते आपणहून बंद पडल्याचं मला आठवत नाही. कंपनीने नवी व्यवस्था आणली तेव्हा सीडी, सुरुवातीची फ्लॉपी आणि परवान्याचं कार्ड असलेलं खोकं कचऱ्यात निघालं होतं. मी साहेबांना लेखी विचारलं आणि त्यांच्याकडून लेखी परवानगी घेऊन ते घरी आणलं. साहेब हसले होते. हसू दे म्हटलं.

आता लग्नाचं. गणपतीत तुमच्या आत्याचा फोन आला.

"आई, आम्ही लग्न करतोय. मेमध्ये. कोर्टात जाऊ, मग बॅकयार्डमध्ये जेवण. तू काही म्हणजे काही करू नकोस."

तिचं हे दुसरं लग्न, त्याचंही दुसरं. पहिल्याबद्दल तुम्ही मोठे झालात की तीच सांगेल. मी एवढंच सांगते की त्या लग्नाला हॉल भरून माणसं होती आणि ते मोडलं तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी मला विचारलं होतं, मुलीने जरा सोसलं का नाही. तेव्हापासून आपल्या लोकांत जाताना ती दाराशी क्षणभर थांबते. तुम्ही पाहिलं नसेल, मी पाहिलं आहे.

मी म्हटलं, "कोर्टात कर. पण घरी मंगलाष्टकं होतील, अंतरपाट धरला जाईल आणि तो मी विणीन."

ती म्हणाली, "कशाला आई? लोक म्हणतील, दुसऱ्यांदा एवढं काय."

"म्हणू दे की. धोटा माझ्या हातात आहे, लोकांच्या नाही."

तेव्हा पितृपक्ष लागत होता. त्या पंधरवड्यात शुभकार्याचं काही सुरू करत नाहीत. मी मुद्दाम तेव्हाच नक्षी काढायला घेतली. तिच्या लग्नाला कुठला दिवस चालतो आणि कुठला नाही हे ठरवण्याचा हक्क मी आता कुणालाच देणार नव्हते, पंचांगालाही नाही. नक्षी गोपद्मांची. गोपद्म म्हणजे गाईच्या पावलाची रांगोळी, चातुर्मासात दारात काढतात. तुमची आत्या लहान असताना आमच्या गराजसमोरच्या ड्राइव्हवेवर ती खडूने काढायची आणि गाडी बाहेर काढायला निघालेल्या आजोबांना थांबवून ठेवायची. पांढऱ्या सुतावर लाल गोपद्मांच्या रांगा. नक्षी आणि प्रोग्राम दोन्ही फ्लॉपीवर उतरवून मी ती पत्र्याच्या डब्यात ठेवली. नोकरीतली सवय.

नवरात्रात प्लेनोहून मोठी आजी आली. मोठी आजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद, तुम्हाला शनिवारी डोसे करून घालते ती. मी त्यांना वन्सं म्हणते. खंडेनवमीला आपल्याकडे कामाच्या हत्यारांची पूजा करतात. शेतकरी नांगराची करतो, सुतार करवतीची, मी मागाची आणि संगणकाची. त्या दिवशी पूजेला वन्सं पुढे झाल्या.

"संगणकाचं झाकण काढ," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"डब्याची पूजा करायची का यंत्राची?"

यात काही खोट काढता येईना. मी झाकण काढलं. त्यांनी मागाला हळदकुंकू वाहिलं, मग ताणा बघून विचारलं, "हे कशासाठी लावलं आहेस?" मी सांगितलं.

"अगं, दुसऱ्या लग्नाला कशाला अंतरपाट? एकमेकांना पाहून-सवरूनच करतायत ना?"

"पहिल्या लग्नातही पाहून-सवरूनच करतात, वन्सं. तुम्ही आमच्या लग्नाआधी मला तीनदा बघायला आला होतात."

"तसं नव्हे. हे सगळं एकदाच शोभतं."

"मला दोनदा शोभवायचं आहे."

त्यांनी मूठभर अक्षता घेतल्या आणि उघड्या संगणकावर सढळ हाताने टाकल्या. वर झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी फूल काढलं, अक्षता ब्रशने झाडल्या आणि झाकण लावलं.

अंतरपाट अर्धा विणून झाला आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी संगणक सुरूच होईना. बाहेर बर्फाने ड्राइव्हवे बुजला होता. मी वीजपुरवठ्याचा भाग बदलून पाहिला, वायरी काढून पुन्हा लावल्या. मुख्य बोर्डच गेला होता आणि त्याने जाताना डिस्कही नेली.

अर्धवट कापड मागावरून काढता येत नाही. ताणा कापला की ते जेवढं असेल तेवढंच राहतं. रुमाल म्हणून वापरा.

मी तुमच्या बाबाला फोन केला तो उपाय विचारायला नव्हे, रविवार होता म्हणून. पण त्याने उपाय दिलाच.

"आई, अंतरपाट ऑनलाइन मिळतो. टू डेज. मी ऑर्डर करतो."

"नको."

"अगं, पाच मिनिटं धरतात तो. फाइव्ह मिनिट्स. त्यासाठी तू त्या थंड बेसमेंटमध्ये बसणार? आणि तो कॉम्प्युटर माझ्या लग्नापेक्षा जुना आहे."

"तुझ्या लग्नाचं त्याने काही बिघडवलेलं नाही."

"आई, लेट इट गो ना."

इतकी वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. साडी नेसून ऑफिसला जाणं सोड, घरी पेपर घेणं सोड, घर सोड आणि प्लेनोला ये. सगळं मायेनेच म्हणतो. पण ज्याच्या हातून सुटावं असं वाटतं त्याच्या हातात काय आहे हे आधी बघावं माणसाने. त्याने ऑर्डर केलंच. पाकीट माझ्या दाराशी बर्फात येऊन पडलं. मी ते न उघडता फळीवर ठेवून दिलं.

समोरच्या टाउनहाऊसमध्ये नागपूरची एक इंजिनियर राहते. ती इथे व्हिसावर आहे, हुशार आहे आणि माझ्या आल्याच्या चहाची तिला सवय लागली आहे. तिने येऊन मेलेला संगणक पाहिला.

"मावशी, हे जुनं युनिक्स सोडा यार. तुमचा प्रोग्राम मी माझ्या लॅपटॉपवर चालवून देते."

"तुझ्या लॅपटॉपला मागाची वायर कुठे लागते?"

"अडॅप्टर आहे ना."

मी हटवादी नाही. करू दिलं. तिने आपल्या बाहेरून जोडायच्या ड्राइव्हवर माझी फ्लॉपी वाचून घेतली, शनिवार-रविवार खपली आणि प्रोग्राम नव्या सिस्टिमवर चालवून दाखवला. मी पेडल दाबलं, धोटा सरकवला. काही ओळी बरोबर आल्या. मग अडॅप्टरने मध्येच एक उत्तर गिळलं, माग एक ओळ मागे राहिला आणि गोपद्माचा खूर तुटला. त्या चुकलेल्या ओळी मी एकेक धागा मागे घेत उसवल्या. लाल सूत फार उसवलं की त्याचा केसाळ डाग पांढऱ्यावर राहतो.

"युनिक्सच हवं तर ते माझ्या लॅपटॉपच्या पोटात चालवू मावशी. तसं करता येतं."

"करता येतं, मला ठाऊक आहे. पण वायर तुझ्या त्याच अडॅप्टरमधून जाणार ना?"

ती हसली. "तुम्ही रिटायर कशाला झालात?"

मग मी ठरवलं. जुनंच युनिक्स, खऱ्या पीसीवर, पहिल्यापासून घालायचं.

जुन्या वस्तूंच्या दुकानात एक जड पत्र्याचा पीसी मिळाला. माझ्या मेलेल्या संगणकापेक्षा तो बराच नवा होता, पण त्याच्या पाठीला मागाची वायर थेट लागेल असं तोंड होतं. फ्लॉपीचा ड्राइव्ह नव्हता, बोर्डावर त्याची जागा मात्र होती. तेव्हा जुन्या संगणकातला ड्राइव्ह काढून मी यात बसवला.

जुन्या सिस्टिमला नवा पीसी दाखवणं म्हणजे गावाकडच्या पाहुण्याला इथल्या घरात आणणं. त्याच्या ओळखीचं काही दिसलं तरच तो बसतो. या पीसीची डिस्क तिला दिसलीच नसती. म्हणून मी सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कला जुन्या पद्धतीने वागायला सांगितलं. मेमरी तिला झेपणार नाही इतकी होती. एक पट्टी ठेवून बाकीच्या काढल्या. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटा भाग पाडला, कारण ही सिस्टिम तिथूनच सुरू होऊ शकते, पलीकडे तिची नजर पोचत नाही. हे सगळं मला आठवत होतं. ते आठवतंय हे पाहून मला बरं वाटलं, तेही लिहून टाकते.

मग सकाळी चहा झाल्यावर सुरुवातीची फ्लॉपी घातली आणि पीसी चालू केला. ही सीडी आपल्या आपण सुरू होत नाही, आधी फ्लॉपीने दार उघडावं लागतं. ड्राइव्हचा दिवा लागला, आतून खरवडल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर उमटलं, की फ्लॉपी वाचता येत नाही.

पुन्हा घातली. पुन्हा तेच.

संध्याकाळी नागपूरवाली आली. "बूट नाही होऊन राहिलं का? मावशी, फ्लॉपी गेली असेल. किती जुनी आहे." तिने तीच फ्लॉपी घरी नेऊन कोऱ्या फ्लॉपीवर तिची नक्कल करून आणली. ती घातली. खरवड, आणि वाचता येत नाही.

त्याच आठवड्यात वन्संचा फोन आला. तुमच्या बाबाने त्यांना सांगितलं असणार.

"बंद पडलं म्हणे तुझं यंत्र."

"पडलं. उभं करते आहे."

"मी काय म्हणते, कुठे थांबायचं ते कळावं माणसाला. पहिल्या वेळी लेकीने कुणाचं ऐकलं नाही ते नाही. पण देवालाच हे नको असेल, असं नाही का वाटत तुला?"

मी म्हटलं, "देवाला नको असेल तर त्याने मला स्वतः येऊन सांगावं. मध्ये कुणी नको." आणि फोन ठेवला. वन्संचा फोन मी आधी ठेवला असं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं.

खाली जाऊन मी स्टुलावर बसले. समोर अर्धा अंतरपाट. जिथवर विणलं होतं तिथे एक सेफ्टी पिन लावलेली. पांढऱ्या ताण्याचं पुढचं अंग तसंच मोकळं. मार्च निम्मा झाला होता आणि राहिलेलं विणायला मला सावकाश, दुखऱ्या खांद्याने, महिना तरी हवा होता. वन्सं काय म्हणाल्या त्याचा मला राग नव्हता तितका एका गोष्टीचा होता. बॅकयार्डमध्ये पाकिटातलं चकचकीत कापड धरलं जाईल आणि तुमची आत्या म्हणेल, ठीक आहे आई, इट्स फाइन. पहिलं लग्न मोडल्यापासून तिचं सगळंच फाइन असतं. मला तिच्यासाठी एक तरी गोष्ट फाइनपेक्षा बरी हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरवालीला बोलावलं.

"मला सांग, माझी फ्लॉपी तुझ्या ड्राइव्हमध्ये वाचली गेली?"

"हो, म्हणून तर नक्कल झाली."

"आणि तुझी नक्कल?"

"तीही वाचली. मी चेक केली होती."

"म्हणजे दोन्ही तुझ्याकडे वाचल्या जातात, माझ्याकडे एकही नाही. मग म्हातारं काय झालं, फ्लॉपी का ड्राइव्ह?"

"मावशी, खरं सांगू? सगळंच म्हातारं झालंय."

"म्हातारं असणं हा बिघाड नव्हे. स्क्रू ड्रायव्हर दे."

ड्राइव्ह बाहेर काढला. वरून तो बराचसा उघडाच असतो. वाचणारा भाग एका दांडीवरून पुढेमागे सरकतो आणि वाचायला सुरुवात करण्याआधी त्याला अगदी मागच्या टोकाला जावं लागतं. तिथून तो फ्लॉपीची पहिली ओळ गाठतो. मी बोटाने तो हलकेच मागे ढकलला. टोकाच्या जरा अलीकडे अडला. तिने फोनचा उजेड पाडला आणि आम्ही दोघींनी एकदमच पाहिलं. दांडीच्या टोकाशी, कोपऱ्यात, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता.

तिला काही कळेना. मी खंडेनवमीचं सांगितलं, झाकण काढून केलेली पूजा, वन्संची मूठ. ती जमिनीवरच बसली आणि हसत सुटली. "मावशी, याला बग नाही म्हणत. प्रसाद म्हणतात."

मीही हसले, पुष्कळ हसले. नवरात्रानंतर मी नवी नक्षी केली नव्हती, त्यामुळे ड्राइव्ह वापरायची वेळच आली नव्हती. दाणा चिमट्याने काढला आणि एका वाटीत ठेवला. मग वन्संना फोन लावला.

"देवाला नको असेल म्हणाला होतात ना? देव तुमच्याच मुठीतून आत गेला होता, वन्सं. एक दाणा ड्राइव्हमध्ये अडकला होता."

त्या म्हणाल्या, "मग पुसून घेतलास का नीट?"

"घेतला."

"कुंकू राहतं. कापसाने पूस."

कापसाने पुसला. फ्लॉपी घातली. या वेळी आवाज वेगळा होता, ओळखीचा, शिवणयंत्रासारखा सलग. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं यायला लागली. पहिला प्रश्न आला, सुरू करू? मी एंटरचं बटण दाबलं.

पुढचं काम धीराचं. सीडी कुठे आहे ते सिस्टिमला आपणहून कळत नाही, कुठल्या वायरीवर शोधायची ते सांगावं लागतं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा सापडली. परवान्याचा क्रमांक विचारला, तो कार्डावरून घातला. ते कार्ड ज्यांनी कचऱ्यात टाकायला काढलं होतं त्यांची आठवण झाली. कळफलक कुठला, वेळ कुठल्या भागातली, हे विचारलं. जाळ्याशी जोडायचं का विचारलं, नाही म्हटलं. माझ्या मागाला बाहेरच्या जगाशी बोलायची गरज नाही. मग ती आपल्या गतीने सीडीवरून डिस्कवर उतरत राहिली आणि मी तोवर वरणाला फोडणी दिली.

तारीख विचारली तेव्हा नागपूरवाली शेजारी होती. म्हणाली, "मावशी, माहितीये ना, हिला दोन हजार अडतीसच्या पुढची वेळच मोजता येत नाही. तिथे हिचं घड्याळ संपतं."

"चांगली आहे की मुदत. माझ्यावर तर कुणी तारीखही छापलेली नाही. बघू कोण आधी थांबतं."

शेवटी सिस्टिमने आपला गाभा या पीसीसाठी नव्याने बांधून घ्यायचा का विचारलं. हो म्हटलं. पीसी बंद होऊन पुन्हा सुरू झाला, फ्लॉपी न घालता. ओळींमागून ओळी आल्या आणि खाली शांतपणे माझं नाव विचारणारा चौकोन लुकलुकत राहिला. त्या चौकोनासमोर मी नोकरीची सगळी वर्षं काढली आहेत. तळघरात, स्वेटर घालून, मी पुन्हा त्याला नाव सांगितलं.

प्रोग्राम फ्लॉपीवरून उतरवला, मागाची वायर लावली. पिनेजवळची ओळ कोणती ते मोजून सांगितलं. पेडल दाबलं. डब्याने विचारलं, संगणकाने उत्तर दिलं आणि चौकटी खाडकन वर गेल्या. मी धोटा सरकवला. गोपद्माचा तुटलेला खूर जिथल्या तिथे जुळला. त्या पहिल्या ओळीनंतर मी थांबले नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळून खिडकीतून गवत दिसायला लागलं आणि ताण्याचं टोक आलं. मी स्वतः कात्रीने कापड मोकळं केलं.

लग्न तुम्ही पाहिलंच. गुरुजी आठवडाभर कुठल्याशा कंपनीचा डेटाबेस सांभाळतात आणि शनिवारी लग्नं लावतात. त्यांनी स्वतःच्या पिशवीतून अंतरपाट काढला. तुमचा बाबा पुढे होऊन म्हणाला, "गुरुजी, तो राहू द्या. आईने आणलाय." तोसुद्धा माझ्या बाजूने बोलला. मला वाटलं होतं, मलाच भांडावं लागेल. अक्षतांच्या ताटात मी वाटीतला तो लाल दाणा मिसळला होता. कुणाच्या हातात गेला माहीत नाही. वन्सं पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि मंगलाष्टकातलं दुसरं कडवं त्यांनीच म्हटलं, आवाज चढवून.

पाच मिनिटं, तुमचा बाबा म्हणाला होता. बरोबरच आहे, पाचच असतील. पण तेवढा वेळ नवरीला समोर दुसरं काही दिसत नसतं. ना माणसं, ना नवरा. फक्त कापड. तुमच्या आत्याने नंतर जेवताना माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "आई, ड्राइव्हवेवर मी काढायचे तशीच आहेत. एक खूर जरा वाकडा." खूर वाकडा नाही. उसवलेल्या जागी लाल सूत जरा केसाळ राहिलंय, त्याने तसं दिसतं. मी तिला दुरुस्त केलं नाही. ती फाइन म्हणाली नव्हती.

निघताना वन्संनी अंतरपाटाची घडी माझ्या हातातून घेतली, उलगडून मागची बाजू तपासली आणि पुन्हा घडी घातली.

"पुढच्या वर्षी माझ्या नातीचं आहे," त्या म्हणाल्या. "देशील का हा?"

"दुसऱ्या लग्नाचं कापड आहे, वन्सं."

"मी काय आंधळी आहे? देशील का ते सांग."

"देईन. पण येत्या खंडेनवमीला यंत्राचं झाकण उघडणार नाही."

"बरं," वन्सं म्हणाल्या. "वरूनच टाकीन."